एका शीटचे बारा तुकडे : प्लायवूड कापून घ्यायची रीत

भाचा अकरावीला लातूरला आला तेव्हा त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. जिना इतका अरुंद की वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागतं. त्याला पुस्तकांसाठी एक रॅक आणि अभ्यासाला एक टेबल हवं होतं. दुकानात बघितलं तर तयार फर्निचर भुशाच्या बोर्डाचं, दोन वर्षांत स्क्रू सैल होणारं. मी म्हटलं, प्लायची एक शीट घेऊ, त्यात दोन्ही बसतं. तो म्हणाला, ''मामा, आठ फुटाची शीट ह्या जिन्यातून वर जाईल का?'' शीट जाणार नव्हतीच. ती दुकानातच कापली आणि बारा तुकडे दोन खेपांत वर नेले.

ज्यांनी कधी प्लाय विकत घेतलं नाही, मिस्त्रीशी मापाची भाषा बोलायची सवय नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लांब काप आणि एकसारख्या मापाचे काप मशीनवर करून घ्या. भिंतीला, कोपऱ्याला बेतून बसवायचे काप घरी करा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. दुकानात ''अंदाजे दोन भाग करून द्या'' म्हणतो, आणि आठ फुटाचा सरळ काप घरी हातातल्या कटरवर मारायला बसतो.

शीट निवडताना

प्लायची नेहमीची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. ७ बाय ४, ८ बाय ३, ६ बाय ४ अशाही येतात, पण तालुक्याच्या गावी बहुतेक ८ बाय ४ च हाताशी असते. भाव चौरस फुटावर सांगतात. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फूट भरते, सांगितलेल्या भावाला ३२ नं गुणा आणि जीएसटी धरून सांगितला की सोडून, ते लगेच विचारा.

जाडी ४, ६, ९, १२, १६, १८ किंवा १९ आणि २५ मिमी. रॅक, टेबल, कपाटाचा सांगाडा १८ चा. ड्रॉवरचे खोके १२ चे. मागची पाठ ४ किंवा ६ ची. बेडरूम-हॉलसाठी आयएस ३०३ चा, म्हणजे त्या क्रमांकाच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं प्लाय चालतं. ओट्याखाली, सिंकजवळ, बाथरूमच्या दारापाशी आयएस ७१० चं, म्हणजे ज्याला सगळे मरीन म्हणतात ते. त्याच्या चिकटवणीची परीक्षा उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून घेतात. शिक्का शीटवर छापलेला बघा, तोंडी ''वॉटरप्रूफ आहे'' यावर जाऊ नका.

शीट आडवी करून एका डोळ्यानं कडेवरून बघा, म्हणजे बाक दिसतो. चारही कडा बोट फिरवून तपासा. मधल्या थरात फट असेल तर नेमक्या तिथंच उद्या तुमचा स्क्रू जाईल आणि धरणार नाही. बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवा. पोकळ जागी आवाज बदलतो. कोपरे काटकोनात आहेत का हे बघायला दोन्ही तिरपी मापं घ्या. पूर्ण २४४० बाय १२२० च्या शीटची तिरपी २७२८ मिमी भरते. आकडा एक-दोन मिमीनं इकडेतिकडे चालेल, पण दोन्ही तिरप्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

आणि जाडी मोजा. अठराचं म्हणून दिलेलं प्लाय सतरा-साडेसतरा भरणं नवं नाही. दुकानात व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, नसेल तर पाच तुकडे किंवा पाच शीट एकावर एक ठेवून एकत्र मोजा आणि पाचानं भागा. हा आकडा पुढं कामाला येणार आहे.

ब्लॉकबोर्ड घेणार असाल तर एक सावधगिरी. त्याच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या शीटच्या लांबीच्या दिशेनं असतात. कप्पा आडवा कापला तर त्या पट्ट्या कप्प्याच्या रुंदीत येतात आणि वजनानं कप्पा मधोमध बसतो. प्लायमध्येही थर एकाआड एक उभे-आडवे असतात आणि वरच्या थरातली लाकडाची रेघ साधारणपणे लांबीच्या दिशेनं जाते. कप्प्याची लांबी त्या रेघेबरोबर ठेवली की तो जास्त वजन धरतो.

कागदावरचं काम

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ याला द्या. चौकटीच्या वहीत शीट काढा, एक चौकट म्हणजे १०० मिमी धरा, आणि तुकडे त्यात मांडा.

भाच्यासाठी केलेलं गणित इथं पूर्ण मांडतो, म्हणजे रीत कळेल. रॅकची उंची १५०० मिमी, रुंदी ७५०, खोली २२०. खोली २२० का? त्याच्या ए-फोर मापाच्या वह्या आणि झेरॉक्सच्या नोट्स २१० मिमी रुंद, २९७ उंच. त्याहून खोल रॅक केला की पुढच्या पुस्तकांमागं दुसरी रांग लागते आणि मागचं पुस्तक वर्षभर सापडत नाही.

दोन बाजू १५०० बाय २२०. कप्पे पाच, तळ आणि माथा धरून. कप्पे दोन बाजूंच्या मध्ये बसणार, म्हणून त्यांची लांबी ७५० नाही. त्यातून दोन बाजूंची जाडी, १८ आणि १८, वजा करायची. राहिले ७१४. प्लाय सतराचं निघालं तर ७१६. वर सांगितलेली जाडी इथं लागते. बाजूंना आतून सनमाइका लावणार असाल तर त्याचा एकेक मिमीही वजा करा. उंचीत पाच कप्प्यांची जाडी ९० गेली, उरले १४१०, त्याचे चार खण केले की प्रत्येक खण ३५२ चा. ए-फोर वही उभी राहते आणि वर बोट घालायला जागा राहते.

टेबलाचा माथा ९८० बाय ४५०. दोन पाय, म्हणजे उभ्या फळ्या, ७२० बाय ४५०. टेबल डुलू नये म्हणून दोन पायांना जोडणाऱ्या मागच्या दोन पट्ट्या ९४४ लांब.

आता हे शीटवर मांडू. रुंदी १२२०. त्यात लांबीच्या दिशेनं २२० च्या तीन पट्ट्या, ४५० ची एक, उरते ती टेबलाच्या मागच्या पट्ट्यांसाठी. तीन वेळा २२० म्हणजे ६६०, अधिक ४५०, झाले १११०. वहीत उरतात ११०. प्रत्यक्षात इतके उरत नाहीत, कारण ब्लेड लाकूड खातं. हातातल्या छोट्या कटरचं ब्लेड एका कापात साधारण २ मिमी खातं, मोठ्या मशीनचं ३ किंवा त्याहून थोडं जास्त. मिस्त्रीच्या भाषेत जवळपास एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार कापांचे १२ मिमी गेले, हातात आली ९८ ची पट्टी.

हे नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. तो १२२० ला चारनं भागून ३०५ च्या चार पट्ट्या मागतो आणि शेवटची आखूड निघाली की दुकानदाराशी वाद घालतो. मी एक सवय लावून घेतली आहे. ज्या तुकड्याचं माप दोन-चार मिमी कमी झालं तरी काही बिघडत नाही, तो शेवटी कापायचा. इथं टेबलाच्या मागच्या पट्ट्या ९८ च्या झाल्या काय किंवा ९४ च्या झाल्या काय, टेबल तितकंच घट्ट राहतं.

लांबीत बघा. पहिल्या पट्टीतून एक बाजू १५०० आणि एक कप्पा ७१४. दुसरीतून तसंच. तिसरीतून तीन कप्पे. ४५० च्या पट्टीतून माथा ९८० आणि दोन पाय ७२० चे, बेरीज २४२०, तीन कापांचे ९ मिमी धरून २४२९. २४४० मध्ये बसलं, पण जेमतेम. म्हणून ह्या पट्टीचं टोक आधी तपासायचं, कोपरा फुटका असेल तर माथा ९७५ चा करायचा आणि मागच्या पट्ट्याही तेवढ्याच आखूड करायच्या. ९८ च्या पट्टीतून ९४४ चे दोन तुकडे. एकूण तुकडे बारा, आणि सगळ्यांची लांबी शीटच्या रेघेबरोबर. रॅकची पाठ वेगळी, ४ मिमीची, १५०० बाय ७५०. तेवढा तुकडा दुकानात उरलेला मिळाला. पाठ नसलेला रॅक पुस्तकं भरली की एका बाजूला कलतो, ती टाळू नका.

माप कसं लिहायचं

इथं माझं नुकसान झालं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. परभणीत घराचं काम चालू होतं. स्वयंपाकघरातल्या कप्प्यांची यादी मी एका दुकानात दिली आणि शाळेत जायची घाई म्हणून निघून गेलो. २ फूट १० इंच हे माप मी '२.१०' असं लिहिलं होतं. कापणाऱ्यानं ते २.१ फूट धरलं, म्हणजे २५ इंचाच्या थोडं वर. मला हवे होते ३४ इंच. संध्याकाळी आलो तर सहा कप्पे जवळजवळ नऊ इंच आखूड कापून, नीट रचून, वर दोरी बांधून ठेवलेले. मरीनचं प्लाय होतं. दुकानदार म्हणाला, चिठ्ठीत आहे तेच कापलं, आणि मी चिठ्ठी बघितली तर त्याचं म्हणणं मोडता येत नव्हतं. त्या कप्प्यांकडं बघून बायको काही बोलली नाही, पण मला ती रात्र जड गेली.

तेव्हापासून फक्त मिलिमीटर. पूर्ण आकडा, मध्ये बिंदू नाही, फूट-इंचाची सरमिसळ नाही. आपल्याकडच्या मिस्त्रींचं मन इंच आणि सुतात चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत साधारण ३.२ मिमी. ''अठ्ठावीस इंच एक सूत'' असं ते बोलतात तेव्हा ७१४ म्हणायचं असतं. त्यांना बोलू द्या, तुमच्या कागदावर मात्र मिमी आणि त्याच्याखाली गोल करून नगांची संख्या असू द्या. पहिला आकडा नेहमी रेघेच्या दिशेचा ठेवा. हे यादीच्या माथ्यावर एका ओळीत लिहून टाका.

आणि टेप एकच. लातूरच्या एका वयस्क मिस्त्रीनं मला सांगितलं, ''मालक, टेप एकच धरा. तुमचा येगळा, माझा येगळा, मंग मेळ लागत न्हाई.'' घरी मोजलेला टेप दुकानात घेऊन जा आणि त्यावरच मापं लावा म्हणा. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो तो खराब झालेला नसतो. आतलं माप घेताना तो आत सरकतो, बाहेरचं घेताना बाहेर. त्याच्या स्वतःच्या जाडीइतकाच हलतो. पक्कडीनं दाबून तो घट्ट करू नका.

दुकानात

सगळ्याच दुकानांत मशीन नसतं. छोट्या गावात दुकानदार शेजारच्या मिस्त्रीला हाक मारतो आणि तो फुटपाथवर शीट टाकून कटरनं कापून देतो. जिल्ह्याच्या गावी, एमआयडीसीच्या बाजूला मॉड्युलर फर्निचरचे कारखाने असतात. त्यातले काही बाहेरच्या माणसाला शीट कापून, एजबँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, लावून देतात. तिथं पॅनल सॉ असतो. त्यात मोठ्या ब्लेडच्या पुढं एक छोटं ब्लेड खालून हलकी चीर पाडतं, म्हणून कापाची दोन्ही बाजू स्वच्छ येते. सनमाइका चिकटवलेली शीट कापायची असेल तर मी दुसरीकडं कापत नाही. लाकडाच्या वखारीत ओंडके चिरायची आरा मशीन असते, तिच्यावर प्लाय कापू नका. कड फाटून येते.

पैसे देण्याआधी इतकं विचारा: कापायचे पैसे शीटमागं, कापामागं की फुटामागं? ब्लेड किती खातं? उरलेले तुकडे माझे ना? शेवटचा प्रश्न काहींना विचारायला संकोच वाटतो. पूर्ण ३२ फुटांचे पैसे आपण दिलेले असतात, तुकडे आपलेच.

मग कापणाऱ्याला शीट दाखवून क्रम सांगा. आधी चारही लांब काप, मग आडवे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका मापाचे सगळे तुकडे एकाच सेटिंगवर. ७१४ चे पाच कप्पे एका दमात कापा, मध्ये गाइड हलवू नका. मशीन एक मिमी चुकीचं लागलं आणि पाचही ७१३ निघाले तर रॅक सरळच उभा राहील. दोन ७१४, दोन ७१२, एक ७१५ असे निघाले तर तो कुठल्याच फेविकॉलनं काटकोनात येणार नाही. मापापेक्षा एकसारखेपणा मोठा, हे मी शिकलो ते रॅक फिरून-फिरून जोडताना.

पहिला तुकडा निघाला की थांबवा, टेप लावा, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावा. गुण्या नसेल तर दोन तुकडे तोंडाला तोंड लावून टेबलावर उभे करा, मग एक उलटा फिरवून पुन्हा लावा. काप तिरका असेल तर फट दुप्पट होऊन दिसते. नंतर सगळे कापू द्या. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं नाव टाका: रॅक बाजू डावी, कप्पा ३, टेबल पाय. घरी गेल्यावर ७१४ आणि ७२० चे तुकडे डोळ्याला सारखेच दिसतात.

नेणं

१८ च्या पूर्ण शीटचं वजन ३० ते ४० किलो असतं. दोन माणसं सहज उचलतात, पण वाऱ्यात ती शिडासारखी फिरते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपल्याकडं वावटळ उठते, तेव्हा मोटारसायकलवर शीट धरून बसायचं धाडस कुणी करू नये. मी असं करताना पडलेला माणूस बघितला आहे. छोटा हत्ती किंवा अॅपे सांगा, शीट आडवी ठेवा, खाली दोन पट्ट्या, वर दोरी, मागं बाहेर निघालेल्या टोकाला लाल फडकं.

घरी आल्यावर गच्चीत किंवा अंगणात उन्हाला टाकू नका. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना शीटची वरची बाजू तापून सुकते, खालची थंड राहते आणि दुपारपर्यंत ती पापडासारखी वळते. भिंतीला टेकवून उभी ठेवली तरी आठवड्यात बाक घेते. आत, सपाट, खाली तीन-चार पट्ट्या, बस.

घरी कापताना

आता राहिलं ते घरी बेतून कापायचं काम. टेबलाचा माथा खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा आहे आणि जुन्या घराचा कोपरा काटकोनात नाही. रॅकच्या बाजूला खाली फरशीच्या स्कर्टिंगची खाच हवी. वायरसाठी भोक हवं. हे दुकानात होत नाही, कारण भिंत दुकानात नसते.

आखूड कापाला साधी बारीक दात्यांची करवत पुरते, आणि पहिल्यांदा करणाऱ्यानं तीच घ्यावी असं मला मनापासून वाटतं. रेघ पेन्सिलीनं न मारता पेपर कटरच्या पात्यानं स्टीलच्या पट्टीवर दोन-तीनदा ओढा. वरचा पातळ थर तिथं आधीच कापला जातो, मग करवतीनं तो फाटत नाही. त्यावर रंगारी वापरतात ती कागदी टेप चिकटवली तर आणखी चांगलं. काप नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूला. करवत अर्ध्या तिरप्या कोनात धरा, हलके हात मारा, शेवटच्या दोन इंचांत तुटणारा तुकडा दुसऱ्या हातानं धरा, नाहीतर तो स्वतःच्या वजनानं मोडतो आणि कोपरा घेऊन जातो.

कोणती बाजू वर, यात सगळे गोंधळतात. एकच लक्षात ठेवा: दाते ज्या बाजूनं लाकडाबाहेर पडतात ती बाजू फाटते. ढकलून कापणाऱ्या करवतीचे दाते खाली जातात, म्हणून चांगली बाजू वर. टेबल सॉलाही चांगली बाजू वर. हातातली सर्क्युलर सॉ, छोटा कटर आणि जिगसॉ यांचे दाते खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवून मागच्या बाजूवर आखायचं.

सर्क्युलर सॉ वापरणार असाल तर शीट दोन खुर्च्यांवर टाकू नका. मध्ये कापलं की दोन्ही भाग आत झुकतात, ब्लेड चिमटीत धरलं जातं आणि मशीन तुमच्या अंगावर मागं उसळतं. फरशीवर चार लाकडी पट्ट्या किंवा जाड थर्मोकोल टाका, त्यावर शीट. कापल्यावरही दोन्ही भाग जागच्या जागी पडून राहतात. लांब काप असेल तर कापलेल्या फटीत एक पातळ पाचर सारत चला. ब्लेड शीटच्या खाली पाच-सहा मिमीच निघेल इतकंच खाली करा. सरळ रेघेसाठी गवंडी गिलावा सारखा करायला वापरतो ती अॅल्युमिनियमची पट्टी दोन क्लॅम्पनी आवळा. पट्टी रेघेवर नाही, रेघेपासून लांब: मशीनच्या पायाच्या कडेपासून ब्लेडच्या दातापर्यंत जितकं अंतर, तितकी. हे अंतर एखाद्या भंगार तुकड्यावर काप मारून मोजा आणि मशीनवरच मार्करनं लिहून ठेवा.

ब्लेड टीसीटीचं, म्हणजे दात्यांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेलं, प्लायसाठी बारीक दात्यांचं. सात इंचीला ४० ते ६० दाते. बोथट ब्लेड जास्त धोक्याचं, कारण ते कापत नाही म्हणून माणूस दाबतो.

गावोगावी फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं ब्लेड लावून काम चालतं, वर्षानुवर्षं तेच करणारे मिस्त्री सफाईनं करतातही. पण त्यांचं बघून तुम्ही करू नका. निदान गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, काढलेलं मशीन हातात घेऊ नका. आणि ग्राइंडरला दात्यांचं ब्लेड कधीही नाही, कुणी कितीही सोपं आहे म्हटलं तरी. ग्राइंडर दहा-अकरा हजारांच्या फेऱ्यांनी फिरतो, त्याला शीटवर टेकायला पाया नसतो, आणि दाता अडकला की तो हात, मांडी, मान, जे समोर असेल तिकडं जातो. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगतो.

गळ्यातला रुमाल, गमछा, ओढणी, पदर कापताना बाजूला किंवा घट्ट खोचलेला. हातमोजे घालू नका, फिरणारं ब्लेड ते ओढून घेतं. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. प्लायच्या भुशात चिकटवणीही असते, नाकात आग होते.

लाईटबद्दल दोन शब्द. १२००-१३०० वॅटचं मशीन मोठ्या, १६ अँपिअरच्या प्लगला लावा, टीव्हीच्या बोर्डातून बारीक वायरचं एक्स्टेन्शन ओढू नका. निदान दीड स्क्वेअर एमएमची वायर हवी आणि गुंडाळी पूर्ण सोडलेली. कापताना लाईट गेली तर बटण सोडा आणि प्लग काढा. अनेक मशीनना बटण दाबून अडकवायची कळ असते. ती तशीच राहिली, आपण पाणी प्यायला गेलो आणि लाईट आली, की फरशीवर पडलेलं मशीन आपोआप चालू होतं. घरात लहान लेकरं असतील तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

कापल्यावर

कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग १२० नं, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. कापलेली कड म्हणजे प्लायचं उघडं तोंड. पाणी तिथूनच आत जातं आणि वाळवीही तिथूनच शिरते. फरशीला टेकणाऱ्या कडांना वाळवीचं औषध आणि त्यावर प्रायमर लावा, भिंतीपासून रॅक बोटभर लांब ठेवा. दिसणाऱ्या कडांना एजबँड किंवा सागाची बीडिंग पट्टी. बीडिंगची जाडी कापण्याआधीच मापात धरलेली असावी, नाहीतर कप्पा बाजूंच्या बाहेर डोकावतो.

उरलेले २२० रुंदीचे तीन तुकडे आम्ही फेकले नाहीत. त्यातल्या एकाचा भाच्यानं लॅपटॉपखाली ठेवायचा स्टँड केला, दुसऱ्याच्या तिकोनी खुट्ट्या कापून टेबलाच्या कोपऱ्यात आतून बसवल्या.

फेविकॉलचा डबा उघडण्याआधी सगळं एकदा कोरडंच जोडून बघा. कप्पे दोन बाजूंच्या मध्ये उभे धरा, दोन्ही तिरपी मापं घ्या. एखादा कप्पा दोन मिमी लांब असेल तर रंध्यानं तासून घ्या. आखूड असेल तर खाली कागद किंवा चिपळी कोंबू नका. बाकीचे चारही त्याच्याइतके करा. रॅक ७५० ऐवजी ७४८ चा होईल, मागची ४ मिमीची पाठ दोन मिमी बाहेर येईल, ती घासून काढा.